किंमत: हा पत्ता फाडावा

मित्रांनो, मी एक जुना खेळायचा पत्ता आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, स्वभावाने भित्रा आहे. तुम्ही सुट्टीत सतरंजीवर मांडता त्या बदाम-इस्पिकाच्या घराण्यातला मी नव्हे. माझ्यावर राजा नाही की राणी नाही. निळसर काळ्या तलावाचं चित्र, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव, 'परतीची वाट', आणि चित्राखाली दोन ओळी. पहिली ओळ अशी: मेलेलं पात्र पुन्हा उठतं. दुसरी ओळ अशी: किंमत, हा पत्ता फाडावा.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या पोटावर जन्मापासून असं छापलेलं असेल त्याने धीट व्हायचं तरी कसं? बाकीच्यांना आपलं मरण ठाऊक नसतं म्हणून ते सुखाने जगतात. माझं मरण मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि येणारा-जाणारा ते वाचून दाखवत होता.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. एका मोठ्या जाड कागदावर आम्ही सगळी भावंडं शेजारी शेजारी छापली गेलो. शाई सुकेपर्यंत बरं चाललं होतं. मग आमचा गठ्ठा कटिंग मशीनखाली सरकवला आणि वरून ते लांबलचक पातं खाली आलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मी सुटा झालो होतो, चारही बाजूंनी एकटा. लगेच कुणीतरी माझ्या कोपऱ्यावर सोनेरी, उठावाच्या शाईत माझा क्रमांक उमटवला. बोट फिरवलं तर तो हाताला लागायचा. खोट्या पत्त्यांना तो नसतो, म्हणे. तेवढाच काय तो माझा मान. मग मला इतर चार पत्त्यांबरोबर एका चकचकीत पाकिटात कोंबलं आणि पाकिटाचं तोंड बंद केलं. त्या अंधारात मी फार घाबरलो होतो.

मी ज्या खेळासाठी जन्मलो, तो आधी समजावून सांगतो, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी चोर. पात्राने काय करायचं ते खेळणारा ठरवतो आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. आमच्या खेळाचं नाव 'सात तलावांचं राज्य'. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, सगळीकडे महिन्यातून एका रविवारी बैठक व्हायची आणि सगळ्यांची मिळून एकच गोष्ट पुढे सरकायची. गोंदियाची पोरंही त्यात होती. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण खेळातलं राज्य अखंड होतं. या राज्यात एक कडक नियम होता. पात्र मेलं की मेलं. ते पुन्हा कोणत्याच बैठकीत येत नसे.

बैठकीला फी असायची आणि फीबरोबर एक पाकीट मिळायचं. जादा पाकिटं विकत घ्यावी लागत. ज्यांचा खिसा भरलेला होता ते पाकिटांवर पाकिटं फोडायचे आणि त्यांची पात्रं वाघाच्या तोंडातही हात घालायची, कारण मालकाच्या खिशात वाचवणारे पत्ते असायचे. ज्यांना फी आणि एसटीचं भाडंच कसंबसं जमायचं, त्यांची पात्रं पावलोपावली जपून चालायची. मनालीचं पात्र असं जपून चालणारं होतं.

मनाली ही मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची, दहावीतली पोर. भंडाऱ्याला एका मंगल कार्यालयाचा हॉल लग्नसराई नसली की स्वस्तात मिळायचा, तिथे तिने माझं पाकीट फोडलं. मला पाहताच टेबलावर एकदम गलका झाला. मी दुर्मीळ होतो ना. सूत्रधार प्रविण, भंडाऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा शांत तरुण, त्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं. माझ्यासारखे दोघेच याआधी जिल्ह्यात निघाले होते. मी आपला फुशारून बसलो. तेवढ्यात माझ्याच पाकिटातला एक साधासुधा भाऊ त्याच बैठकीत कामाला आला. प्रविणने त्याला उचललं, दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं आणि चर्रकन मधोमध फाडून एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. कोणाला काहीच वाटलं नाही. खेळ पुढे सुरू झाला. माझी फुशारकी तिथेच जिरली आणि तो आवाज माझ्या अंगात कायमचा जाऊन बसला.

मनालीने मला कंपासपेटीत ठेवलं. तिथे कर्कटकाचं टोक माझ्याकडे रोखून असायचं. एसटी खड्ड्यात आदळली की मी जीव मुठीत धरायचो. घरी गेलो तर वेगळीच भीती. मातीच्या भिंतीतून वाळवी चढायची, कौलांवर उंदीर पळायचे, आणि या दोघांनाही माझ्यासारखं जाड, गुळगुळीत खाद्य फार आवडतं. पण सगळ्यांत मोठी भीती रविवारची. मनालीचं पात्र होतं सोनकी, तलावावर नाव वल्हवणारी एक फटकळ बाई. सोनकी मेली की माझी पाळी येणार, हे सरळ होतं. म्हणून मी तिच्यासाठी जेवढी प्रार्थना केली तेवढी मनालीनेही केली नसेल.

सोनकीची काळजी करणारं घरात आणखी एक माणूस होतं, मनालीचे आजोबा परसराम. सगळे त्यांना आबाजी म्हणत. सोनकी हे नाव त्यांनीच सुचवलेलं. पाटबंधारे खात्यात चौकीदार म्हणून त्यांची उभी नोकरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेली होती, त्यामुळे नाव कशी वळवायची, गाळात बांबू कसा रोवायचा, हे सगळं मनाली त्यांना विचारायची आणि टेबलावर वापरायची. रविवारी संध्याकाळी ती घरी आली की आबाजी खाटेवर सरसावून बसायचे.

"मंग? पूल तुटला होता न? सोनकी कुठं आहे आता?"

"दोराले लटकून राहिली आहे, आबाजी."

"अन् तू तिले तशीच लटकवून घरी आली?"

"आता वेळ संपला तं मी काय करू? पुढच्या महिन्यात चढन ते वर."

आबाजींना हे पटायचं नाही. महिनाभर माणूस दोराला लटकून राहील कसं, असं ते स्वतःशीच पुटपुटायचे आणि त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. एकदा त्यांनी मला हातात घेतलं, चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, "हा कागद जवर आपल्यापाशी आहे तवर ते मरत नाई, असंच न?"

"मेली तरी उठते. एकडाव."

"मंग ह्याले सांभाळ वं. कागद गेला का सगळं जाते."

ते उगीच म्हणत नव्हते. जिल्हा फुटला तेव्हा त्यांची नेमणूक गोंदियाच्या बाजूला, आमगावकडे होती. नोकरीचे कागद एका कचेरीतून दुसरीकडे निघाले ते मधेच कुठेतरी राहिले, आणि जे सापडले त्यांचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. पेन्शनसाठी आबाजींनी किती उन्हाळे फेऱ्या मारल्या ते त्यांनाच माहीत. तेव्हापासून घरात कागद आला की त्याचं लॅमिनेशन व्हायचंच. जातीचा दाखला, मनालीच्या मार्कशीटा, रेशनकार्ड, आजीचा लसीचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. आसपासच्या घरांतही हीच रीत होती. मोठ्या कष्टाने मिळालेला कागद पुन्हा मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती.

याच सुमारास गोपीचंद आला. हा तुमसरचा मुलगा. खेळायचा कमी, जमवायचा जास्त. त्याच्याकडे एक जाडजूड अल्बम होता, त्यात प्रत्येक पत्त्याला स्वतःचा पारदर्शक कप्पा. मी त्या अल्बमकडे आशेने पाहत होतो. तिथे कर्कटक नाही, उंदीर नाही, रविवार नाही.

"मनाली, दे न तो मले," तो म्हणाला. "त्याच्या बदल्यात पाहिजे तेवढे पाकिटं घे. तुही वर्षभराची फीही भरतो."

दे, दे, दे, मी आतल्या आत ओरडत होतो.

"तू काय करशील त्याचं?"

"ठेवीन."

"मंग नाई देत," मनाली म्हणाली आणि कंपासपेटी बंद केली. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. एक भाड्याचा विचार करणारी पोर वर्षभराची फी नाकारते, आणि ती कशासाठी, तर मला फाडता यावं म्हणून.

पण माझी सुटका वेगळ्याच वाटेने आली. एका बाजाराच्या दिवशी मनाली शाळेत असताना आबाजींनी कंपासपेटी उघडली, मला हयातीच्या दाखल्याच्या पिशवीत ठेवलं आणि मोहाडीला नेलं. झेरॉक्सच्या दुकानात एक मशीन गरम होत होतं. मला दोन प्लास्टिकच्या मध्ये झोपवलं आणि त्याच्या जबड्यात सरकवलं. मित्रांनो, त्या उष्णतेबद्दल मी जास्त बोलत नाही. अजूनही बोलवत नाही. पण दुसऱ्या बाजूने बाहेर आलो तेव्हा मी ताठ झालो होतो, चकाकत होतो आणि माझ्या चारही बाजूंनी प्लास्टिकची किनार होती. दुकानदाराने मला वाकवून पाहिलं. मी वाकलो नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता मला कोणीच फाडू शकणार नव्हतं.

मनाली क्षणभर गोंधळली, पण आबाजींचा चेहरा पाहून हसली. "मस्त केलं, आबाजी." खेळाची नियमावली पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती, लांबलचक आणि इंग्रजीत. ती कोणीच शेवटपर्यंत वाचली नव्हती. पुढच्या बैठकीला गोपीचंदने मला पाहिलं मात्र, त्याचं तोंड उतरलं. "लॅमिनेशन केलं? आता ह्याले कोन विचारते?" तो अल्बम घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. जाईना का. मी तेव्हा जगातला सर्वांत सुखी पत्ता होतो. अनेक महिन्यांत पहिल्यांदा मला रविवारची भीती वाटली नाही.

मग वर्षाची शेवटची बैठक आली. त्या दिवशी आबाजीही बरोबर आले. शेवटच्या तलावावर सोनकीचं काय होतं ते त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. ते मनालीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसले. प्रविणने आल्या आल्या "जयभीम, आबाजी" म्हणून त्यांना चहा दिला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "पाच वाजता हॉल सोडा लागते. साखरपुडा आहे. जे काय होईल ते पाचच्या आत."

गोष्ट अशी होती की तलावाच्या तळाशी राहणारं एक भूत वर येत होतं आणि गावातली शेवटची माणसं सोनकीच्या नावेत होती. मनालीने नाव वळवली, बांबू रोवला, अगदी आबाजींनी शिकवल्याप्रमाणे. मग फासा टाकला. फासा घरंगळत गेला आणि सर्वांत वाईट आकड्यावर थांबला. डिंपल, जी नावेतल्या म्हातारीचं पात्र करत होती, तिने तोंडावर हात ठेवला. प्रविण हळू आवाजात म्हणाला, "नाव वाचते. लोक काठाले लागतात. पन सोनकी पान्यात गेली, मनाली. गेली ते."

मनालीने मला बाहेर काढून टेबलावर सरकवलं.

मी बिनघोर होतो. मला कोण फाडणार? प्रविणने मला उचललं. त्याचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर फिरला, पुन्हा फिरला, आणि थांबला.

"मनाली, हे चालत नाई."

"काहून?"

"प्लास्टिक आहे न ह्याच्यावर. नंबर हाताले लागत नाई. मागं एकानं कलर झेरॉक्स काढून, लॅमिनेशन करून चालवलं होतं, तवापासून नियमच आहे. अन् फाडू कसा मी ह्याले? किंमत तं द्याच लागते."

मनाली खाली मान घालून बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही, मुद्दामच पाहिलं नाही. पण आबाजी उठून उभे राहिले होते.

"मीच केलं ते," ते म्हणाले. "पोरीचा काई दोष नाई. मले वाटलं, टिकन कागद." त्यांचा आवाज कापत होता. कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभं राहताना तो असाच कापत असेल. "काय गा प्रविण, प्लास्टिक काढून देल्लं तं चालते का?"

प्रविणने घड्याळाकडे पाहिलं. दारात साखरपुड्याची मंडळी फुलांच्या टोपल्या घेऊन आली होती. "नंबर शाबूत राहिला तं चालते, आबाजी. नंबर गेला तं मी काईच करू शकत नाई."

डिंपलने मंडपवाल्याकडून कात्री आणली. आबाजींनी माझी प्लास्टिकची किनार चारी बाजूंनी कापली. मग नखाने एक कोपरा उचलला आणि ओढायला लागले, हळूहळू, जपून. मित्रांनो, तुम्ही कधी लॅमिनेशन सोलून पाहिलं असेल तर पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. प्लास्टिक एकटं निघत नाही. माझ्या चेहऱ्याची कातडी त्याच्याबरोबर निघू लागली. आधी नाव गेलं, मग तलाव गेला. आबाजी थांबत, घाम पुसत, फुंकर घालत, पुन्हा ओढत. "हळू, आबाजी, हळू," मनाली म्हणत होती, आणि जितकं हळू होत होतं तितकी माझी भीती वाढत होती.

पण खरं सांगतो, ती आता जुनी भीती नव्हती. सोलपटणारं प्लास्टिक माझ्या क्रमांकाकडे सरकत होतं आणि मला दिसत होता मनालीचा चेहरा, अगदी जवळ. ती रडत नव्हती. सोनकीची गोष्ट लिहिलेल्या कागदावर तिने तळहात दाबून धरला होता, कोणी तो ओढून नेऊ नये तसा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मी फाटलो नाही तर? क्रमांक निघून गेला, मी असाच धडधाकट पण निकामी उरलो, आणि ती पाण्यातच राहिली तर? जन्मभर ज्याला भ्यालो ते होणार नाही म्हणून मी भ्यालो. असं भय मला पुन्हा नको.

शेवटचा कोपरा निघाला. आबाजींनी डोळेच मिटून घेतले होते. प्रविणने मला उजेडाकडे नेलं. सोनेरी रंग जवळपास सगळा गेला होता. त्याने डोळे मिटून अंगठा फिरवला. एकदा, आणि मग फार सावकाश पुन्हा एकदा.

"लागते हाताले," तो म्हणाला. "आहे नंबर. पन हा मी नाई फाडत, ज्याचा पत्ता त्यानंच फाडा."

मनालीने मला आबाजींपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतले. "मले नाई होत वं, बाई. मी कधी कागद फाडला नाई."

मग तिनेच मला दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं. आणि फाडलं.

आवाज तोच होता. मी मात्र तो फार भयंकर असेल असं समजत होतो, तेवढा तो नव्हता. मग आबाजींनी विचारलं, "उठली का?"

"उठली, आबाजी," मनाली म्हणाली. "काठाले धरून बसली आहे. खोकलून राहिली."

"पानी पोटात गेलं असन," आबाजी म्हणाले, आणि खुर्चीवर बसून टोपीने डोळे पुसू लागले.

आता मी प्रविणच्या पत्र्याच्या डब्यात आहे. इथे आम्ही सगळे अर्धे-अर्धे आहोत आणि कोणाला कशाची घाई नाही. सोनकी पुढच्या वर्षीच्या गोष्टीतही आहे, असं कानावर येतं. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, कोरी, करकरीत, जपून ठेवलेली. ती आत बसून घाबरत असेल. तिला वाळवीपासून जपा, पावसापासून जपा, पण तिच्या कामापासून जपू नका. आणि मित्रांनो, कामाला लावताना तिला फाडायचीच वेळ आली, तर कृपा करून एका झटक्यात फाडा. हळूहळू फार भीती वाटते.